कमीत कमी किती जणी?



या अंकाचं संपादकीय गणितावर आहे, हे आधीच सांगून टाकते. शाळेत गणिताच्या तासाला पोटात गोळा येणाऱ्या मुलींपैकीच मी एक, त्यामुळे हा विषय हौसेनं घेतलेला नाही. एका कचेरीतून हात हलवत परत यावं लागलं, म्हणून घेतला आहे.

वसई पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे या पट्ट्यातल्या गाळ्यांमध्ये काम करणाऱ्या बायकांना दिवसभर लघवीला जायची धड सोय नसते, म्हणून त्या सकाळपासून पाणीच पीत नाहीत, ही गोष्ट आपल्या बैठकांमधून वर्षानुवर्षं पुढे येत होती. आम्ही ठरवलं, या वेळी नुसतं सांगायचं नाही, मोजून सांगायचं. प्रश्नावली केली, बायकांना विचारलं, टक्केवारी काढली, निवेदन टाइप करून घेतलं आणि शिष्टमंडळ घेऊन कचेरीत गेलो.

साहेबांनी निवेदन शांतपणे वाचलं आणि तीन प्रश्न विचारले. पहिला, "किती बायकांना विचारलंत?" आम्ही आकडा सांगितला. दुसरा, "या शहराची लोकसंख्या किती आहे, कल्पना आहे ना?" २०११ च्या जनगणनेतच वसई-विरार बारा लाखांच्या वर गेलेलं, त्यापुढे आमची मूठभर उत्तरं. आणि तिसरा, "या बायका तुम्ही निवडल्या कशा?"

यातला दुसरा प्रश्न चुकीचा होता आणि तिसरा अगदी बरोबर. पण त्या दिवशी आम्हाला दोन्ही सारखेच वाटले, दोन्हींपुढे आम्ही सारख्याच गप्प बसलो. निवेदन फायलीत गेलं. परतीच्या रिक्षात कुणी बोललं नाही. मला राग साहेबांचा आला नव्हता. बायकांनी लाज बाजूला ठेवून आम्हाला जे सांगितलं होतं, ते आम्हाला नीट मांडता आलं नाही, याचा आला होता.

त्यानंतर आमच्या गटातल्या एका निवृत्त गणित शिक्षिकेनं (आम्ही सगळ्या त्यांना बाईच म्हणतो) आम्हाला समोर बसवून जे शिकवलं, ते इथे लिहिते आहे. कारण असे प्रश्न तुम्हालाही विचारले जाणार आहेत.

भांडं केवढं, यानं काही बिघडत नाही

शितावरून भाताची परीक्षा, असं आपण म्हणतोच. घरी चौघांचा भात असो की लग्नघरातलं मोठं पातेलं असो, भात शिजला का ते बघायला आपण पातेल्याच्या आकारानुसार शितं वाढवत नाही. दोन-चार शितं दाबून बघतो. पातेलं नीट ढवळलेलं असलं की तेवढी पुरतात.

पाहणीचंही तसंच आहे. शंभर बायकांची उत्तरं वसईसाठी जितकी पक्की, जवळजवळ तितकीच अख्ख्या महाराष्ट्रासाठी, जर त्या शंभर जणी सगळ्यांतून चिठ्ठ्या टाकून निवडल्या असतील तर. आकड्याचा पक्केपणा ठरतो तो किती जणींना विचारलं यावर. लोकसंख्या किती, यावर जवळजवळ नाही. तेव्हा साहेबांच्या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर होतं. आम्हाला ते ठाऊक नव्हतं, एवढंच.

तिसऱ्या प्रश्नाला मात्र आमच्याकडे उत्तर नव्हतंच. आम्ही पातेलं ढवळलं नव्हतं. आमच्या बैठकांना येणाऱ्या बायकांना विचारलं, आणि संख्या वाढावी म्हणून वसई रोड स्टेशनवर लेडीज स्पेशलच्या वेळेला उभ्या राहून विचारलं. १९९२ च्या ५ मे रोजी चर्चगेट ते बोरिवली सुरू झालेली आणि १९९३ मध्ये विरारपर्यंत वाढलेली ही गाडी आपल्या सगळ्यांच्या जिव्हाळ्याची. पण तिच्यात बसतात त्या मुख्यतः मुंबईला नोकरीला जाणाऱ्या. वालीवच्या गाळ्यात काम करणारी आणि नालासोपाऱ्याच्या तुळिंजला राहणारी बाई त्या फलाटावर येतेच कशाला? जिच्याबद्दल बोलायचं, तीच पातेल्याच्या तळाशी राहिली, आणि आम्ही वरची शितं दाबून निष्कर्ष काढला.

वाटाण्यांचा डबा

आता समजा, चिठ्ठ्या टाकून नीट निवड केली. तरी एक प्रश्न उरतो. आज शंभर चिठ्ठ्या काढल्या तर एक आकडा येईल, उद्या दुसऱ्या शंभर काढल्या तर दुसरा. मग खरा कोणता?

बाईंनी याचं उत्तर फळ्यावर दिलं नाही. एक डबा आणला. त्यात ४०० हिरवे आणि ६०० पांढरे वाटाणे, आकारानं सारखे. डबा हलवायचा, डोळे मिटून १०० वाटाणे काढायचे, त्यात हिरवे किती ते मोजून लिहायचं, वाटाणे परत टाकायचे आणि डबा पुढचीला द्यायचा. हा खेळ तुमच्या शिबिरात जरूर करून बघा. डब्यात हिरवे ४० टक्के आहेत हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण कुणाला ३७ मिळतात, कुणाला ४४, कुणाला ३५. नेमके ४० फार थोड्या जणींना मिळतात. आणि तरीही कुणाला १५ किंवा ७० मिळत नाहीत. बहुतेक सगळ्या जणी ३० ते ५० च्या आत असतात.

म्हणजे नशिबाचा खेळ असला तरी त्याला सीमा आहे, आणि ती सीमा आधीच काढता येते. आपल्या पाहणीत डबा बंद असतो, आपण एकदाच १०० वाटाणे काढतो. पण नशीब आपल्याला किती लांब नेऊ शकतं हे माहीत असेल, तर हातातल्या आकड्यावरून मागे जाऊन म्हणता येतं की खरा आकडा अमुक आणि तमुक यांच्या दरम्यान असावा. इंग्रजीत याला कॉन्फिडन्स इंटरव्हल म्हणतात. पुस्तकी मराठीत विश्वास-अंतराल म्हणता येईल. मी साधं 'आकड्याचा पल्ला' म्हणते.

पल्ला कसा काढायचा

शंभर जणींना विचारलं आणि ४० जणी 'हो' म्हणाल्या, असं धरू.

'हो' चे टक्के गुणिले 'नाही' चे टक्के: ४० गुणिले ६० म्हणजे २४००. याला विचारलेल्या बायकांच्या संख्येनं भागा: २४०० भागिले १०० म्हणजे २४. त्याचं वर्गमूळ काढा, मोबाइलवर निघतं: ४.९. याला प्रमाण त्रुटी म्हणतात. तिची दुप्पट करा (काटेकोर आकडा १.९६ पट, पण दुप्पट चालते): ९.८, म्हणजे जवळजवळ १०. आता ४० मधून १० वजा करा आणि ४० मध्ये १० मिळवा. पल्ला झाला ३० ते ५० टक्के.

हेच ४०० जणींना विचारून ४० टक्के आले असते तर? २४०० भागिले ४०० म्हणजे ६, वर्गमूळ २.४५, दुप्पट ४.९. पल्ला ३५ ते ४५. चौपट मेहनत केली तेव्हा पल्ला निम्मा झाला. पाहणी आखताना हे लक्षात ठेवा. शंभराच्या दीडशे केल्यानं फार काही पदरात पडत नाही. ते श्रम निवड नीट करण्यात घालावेत.

ही रीत दोन्ही बाजूंना निदान दहा-दहा उत्तरं असतील तेव्हाच भरवशाची. कमी असतील तर एक सोपी युक्ती आहे: मोजणीत दोन 'हो' आणि दोन 'नाही' आपल्या पदरचे मिळवायचे आणि मग वरचं गणित करायचं.

या '९५ टक्के विश्वासा'चा अर्थ मात्र नीट समजून घ्यायला हवा. 'खरा आकडा या पल्ल्यात असण्याची शक्यता ९५ टक्के' असं आपण सहज म्हणून जातो, पण ते तसं नाही. खरा आकडा कुठे हलत नाही, तो आहे तिथेच आहे. हलतो तो आपला पल्ला. वसईच्या किनाऱ्यावरच्या कोळणींना हे चटकन कळेल. मासा एका जागी आहे, जाळं आपण टाकतो. आपली जाळं टाकायची पद्धत अशी आहे की १०० वेळा टाकलं तर साधारण ९५ वेळा मासा आत येतो. आजच्या एका फेकीत तो आला की नाही, हे आपल्याला दिसत नाही. भरवसा आहे तो पद्धतीवर.

ही पद्धत पोलिश संख्याशास्त्रज्ञ येर्झी नेमन यांनी १९३४ मध्ये लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे वाचलेल्या निबंधात मांडली. त्याच दशकात सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे लंडनला त्यांच्याबरोबर काम करत होते. पुढे नमुना पाहण्यांवर त्यांनी लिहिलेला इंग्रजी ग्रंथ १९५४ मध्ये निघाला. ही विद्या आपल्या माणसांना परकी नाही. ती आपल्या कचेऱ्यांत पोचली, आपल्या वस्त्यांत नाही, एवढंच.

बेचाळीस आणि पन्नास

आता आपल्याच चळवळीतलं एक उदाहरण घेते. गर्भलिंगनिदानाविरुद्ध मुंबईत मोहीम उभी राहिली तेव्हा डॉ. संजीव कुलकर्णी यांची १९८६ ची पाहणी सगळ्यांच्या तोंडी होती. मुंबईतल्या ५० स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलल्यावर त्यांतले ४२ जण लिंगनिदानासाठी गर्भजल तपासणी करतात, असं तीत आढळलं. म्हणजे ८४ टक्के. पन्नास हा आकडा लहानच. 'एवढ्याशा पाहणीवरून कायदा करायचा का?' असं कुणी विचारलं तर काय सांगाल?

गणित करून बघू. 'नाही' फक्त ८ आहेत, म्हणून युक्ती वापरू: ५४ पैकी ४४, म्हणजे ८१.५ टक्के. ८१.५ गुणिले १८.५, भागिले ५४, येतात सुमारे २८. वर्गमूळ ५.३, दुप्पट १०.६. पल्ला ७१ ते ९२ टक्के.

पल्ला रुंद आहे, तब्बल एकवीस टक्क्यांचा. पण त्याचं खालचं टोक बघा. नशीब आपल्या कितीही विरुद्ध गेलं असं धरलं, तरी दहातले सात डॉक्टर ही तपासणी करत होते. कायद्याची गरज पटायला ७१ पुरत नाहीत, ८४ च हवेत, असं कोण म्हणेल? (हे पन्नास डॉक्टर निवडले कसे, हा प्रश्न वेगळा, तो कोणत्याही पाहणीला विचारायचाच.) १९८८ मध्ये महाराष्ट्रानं देशातला पहिला असा कायदा केला, आणि केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला. लोकांचा रेटा होताच, पण हातात आकडाही होता.

मला या सगळ्यातून शिकायला मिळालं ते हे. पल्ला सांगितला की आपली बाजू लेचीपेची होते, अशी आपल्याला भीती वाटते. उलट आहे. '४० टक्के बायकांना सोय नाही' म्हटलं की समोरचा त्या ४० शी भांडतो, ३८ का नाही, ३५ का नाही विचारतो. 'कमीत कमी ३० टक्के, आणि कदाचित ५० टक्क्यांपर्यंत' असं म्हटलं की भांडायला आकडा उरत नाही. मग प्रश्न उरतो तो हाच, की तीस टक्के बायकांना दिवसभर पाणी न पिता काम करावं लागणं तुम्हाला चालतं का? चर्चा आकड्यावरून प्रश्नावर येते, आणि आपल्याला ती तिथेच हवी असते.

जिथे गप्प बसावं

दुसरी बाजूही सांगायला हवी. पल्ला आपल्याला काही वेळा गप्पही बसवतो, आणि ते ऐकायला हवं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचंच घ्या. देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था ती करते. २०१५-१६ च्या चौथ्या फेरीत महाराष्ट्रात दर हजार मुलग्यांमागे ९२४ मुली जन्मल्याचं आलं, २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत ९१३. अकरा मुली कमी. मीही तेव्हा हळहळले होते. आता मी गणित करते. समजा पाहणीत १०,००० जन्म नोंदले गेले आणि आकडा ९१३ आला. तर पल्ला येतो साधारण ८७७ ते ९५०. या पल्ल्यात ९२४ आरामात बसतं. म्हणजे अकराची घट ही घट नसून नशिबाचा खेळ असू शकतो. मात्र हेही बघा, की निसर्गात हजार मुलग्यांमागे ९५० च्या आसपास मुली जन्मतात, आणि तो आकडा या पल्ल्याच्या अगदी वरच्या टोकाशी आहे. तेव्हा 'परिस्थिती बिघडली' असं या दोन आकड्यांवरून म्हणता येत नाही, पण 'परिस्थिती ठीक आहे' असंही कुणाला म्हणू देऊ नये.

जिल्ह्याला आलं की हाल विचारू नका. समजा जिल्ह्यातल्या नमुन्यात ३०० जन्म आले आणि प्रमाण तेच ९१३ निघालं. पल्ला येतो ७२३ ते ११५०. या आकड्याचं अभिनंदन करण्यात अर्थ नाही आणि निषेध करण्यातही नाही. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला, तेव्हापासून 'आपल्या जिल्ह्याचा' आकडा म्हणून आपण त्याला कवटाळतो. पण अशा लहान नमुन्यातला जन्मप्रमाणाचा आकडा पुढच्या फेरीत दीडशेनं वर किंवा खाली गेला, तरी त्यातून काही सिद्ध होत नाही.

जनगणनेचं वेगळं. तिथे प्रत्येकाला मोजतात, नमुना नसतो, म्हणून नमुन्याचा पल्लाही नसतो. ० ते ६ वयोगटात महाराष्ट्रातल्या मुली १९९१ मध्ये हजारी ९४६ होत्या आणि २०११ मध्ये ८९४ झाल्या, ही घट नशिबाची नव्हती. पण २०२१ ची जनगणना ठरल्या वर्षी झालीच नाही. त्यामुळे मधल्या वर्षांचं बोलायचं तर नमुना पाहण्यांखेरीज फारसा आधार नाही. पल्ला वाचता येणं म्हणूनच आज पूर्वीपेक्षा जास्त गरजेचं झालं आहे.

आपल्या कार्यकर्त्या एखाद्या प्रसूतिगृहाचे महिन्याचे जन्म मोजतात, तिथेही हेच. ५० जन्मांत २० मुली दिसल्या की संशय येतो. पण पल्ला येतो २६ ते ५४ टक्के, आणि निसर्गतः मुली ४८-४९ टक्के असतात, त्या या पल्ल्यात बसतात. लगेच आरोप करू नका. नोंदी ठेवत राहा. दोन वर्षांत १२०० जन्म झाले आणि त्यात ४८० मुली असल्या, तर टक्के तेच ४०, पण पल्ला ३७ ते ४३. आता ४८ बाहेर पडले. आता हे नशीब म्हणता येत नाही. कारण काय, ते तपासा अशी मागणी ठामपणे करता येते. धीर धरणं म्हणजे माघार नव्हे.

दोन वस्त्यांची तुलना करताना आणखी एक पायरी. एका वस्तीत १०० पैकी ४० आणि दुसरीत १०० पैकी ३०. फरक १० टक्क्यांचा. पहिल्याचं वर्गमूळ काढण्याआधीचं उत्तर २४, दुसऱ्याचं २१. दोन्हींची बेरीज ४५, वर्गमूळ ६.७, दुप्पट १३.४. फरकाचा पल्ला उणे ३ ते अधिक २३. यात शून्य बसतो, म्हणजे फरक आहे हे अजून सिद्ध झालेलं नाही. 'फरक नाही' हे सिद्ध झालं, असा मात्र याचा अर्थ नव्हे. प्रत्येकी ४०० जणींना विचारून हेच टक्के आले असते तर पल्ला ३ ते १७ झाला असता आणि शून्य बाहेर पडला असता.

आणि शून्याबद्दल एक. 'आमच्याकडे ३० बायका आहेत, लैंगिक छळाबद्दल विचारलं, एकीनंही हो म्हटलं नाही' असं कुणी छाती पुढे काढून सांगितलं, तर तीनला तीसनं भागा. दहा टक्के. एवढ्या मोठ्या कामगार वर्गातून निवडलेल्या तीस जणींत शून्य आलं, तरी सगळ्यांत मिळून दहा टक्क्यांपर्यंत छळ असू शकतो. आणि हेही सगळ्या जणी खरं बोलल्या, असं धरून.

पल्ल्याला न कळणाऱ्या गोष्टी

हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. पल्ला फक्त एका गोष्टीचा हिशोब ठेवतो: चिठ्ठ्या काढताना नशीब कसं पडलं. बाकी चुका त्याला दिसत नाहीत.

नोव्हेंबर २०२१ मध्ये बातम्या आल्या, की देशात हजार पुरुषांमागे १०२० बायका झाल्या. पाचव्या फेरीचा नमुना सहा लाख छत्तीस हजार कुटुंबांचा, म्हणजे पल्ला अगदी अरुंद. पण ही पाहणी कुटुंबांची होती, आणि आदल्या रात्री घरात झोपलेल्यांची मोजणी. गाळ्यातच झोपणारा, बांधकामावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहणारा परगावचा पुरुष त्याच्या गावच्या घरात मोजला जात नाही, आणि इथेही निसटू शकतो. नमुना कितीही मोठा घेतला तरी असली चूक धुऊन निघत नाही.

घरातल्या मारहाणीचंही तसंच. याच पाहणीत, कधी ना कधी नवऱ्याकडून हिंसा सोसलेल्या बायका देशात २९.३ टक्के निघाल्या. हा प्रश्न एका घरात एकाच बाईला, आणि एकांत मिळाला तरच विचारायचा, असा नियम आहे, आणि तो चांगला आहे. तरीही सासू दाराआड असताना 'नाही' म्हटलेली बाई 'नाही' मध्येच मोजली जाते. पल्ला तिच्या मनात शिरत नाही. तिथे विचारणारीचा आवाज, ओळख आणि वेळच उपयोगी पडते, आणि ते आपल्याकडे आहे. हे आपलं बळ कोणत्याही मोठ्या संस्थेपेक्षा कमी नाही.

आणखी एक चूक आपल्या हातून नेहमी होते. एकाच चाळीत जाऊन दहा जणींना विचारलं की दहा उत्तरं झाली असं आपल्याला वाटतं. पण नळ एक, संडास एक, मालक एक, मग उत्तरं वेगळी कशी येणार? ढवळून न सुटलेला भाताचा गोळा म्हणजे एकच शीत. दहा चाळींतल्या शंभर जणी कधी कधी पन्नासच्याच तोलाच्या ठरतात, आणि मग ३० ते ५० चा पल्ला २६ ते ५४ होतो. म्हणून कमी चाळी आणि जास्त बायका यापेक्षा जास्त चाळी आणि प्रत्येकीत थोड्या बायका, हे बरं.

आता काय करायचं

आम्ही पाहणी नव्यानं करतो आहोत. आधी गाळ्यांची यादी, प्रत्येकाला नंबर, चिठ्ठ्या टाकून निवड, आणि निवडलेल्या गाळ्यातल्या दोन-तीनच बायका, त्याही चिठ्ठीनंच. कुणी भेटली नाही तर शेजारच्या गाळ्यातली घ्यायची नाही, सुट्टीच्या दिवशी तिच्या घरी जायचं, गरज पडली तर तीनदा. मालकासमोर विचारायचं नाही. आणि ज्या बोलल्या नाहीत त्यांचीही संख्या लिहून ठेवायची. श्रम जास्त आहेत, उत्तरं कमी जमतील. पण जमतील ती टिकतील.

यापुढे या त्रैमासिकात छापल्या जाणाऱ्या प्रत्येक पाहणीबरोबर तीन गोष्टी असाव्यात, असं संपादक मंडळाच्या बैठकीत ठरलं आहे: किती जणींना विचारलं, त्या कशा निवडल्या, आणि आकड्याचा पल्ला. तुम्ही पाहणी पाठवाल तेव्हा या तीन ओळी जरूर लिहा. गणित अडलं तर कच्चे आकडे पाठवा, बाई तयारीत आहेत.

एक खुलासा करते, कारण बैठकीत एकीनं हा प्रश्न विचारला, आणि तो रास्त होता. "म्हणजे ताई, आता एखाद्या बाईनं येऊन सांगितलं की तिला मारतात, तर आपण तिला पल्ला विचारायचा का?" नाही. एकीवर झालेला अन्याय खरा असायला शंभर जणींची साक्ष लागत नाही. तिच्यासाठी लढायला एक तीच पुरे. पल्ला लागतो तो आपण 'किती जणी' असं म्हणतो तेव्हा, म्हणजे जिथे आपण न भेटलेल्या बायकांच्या वतीनं बोलतो तिथे. त्यांनी आपल्याला काही सांगितलेलं नाही, आपण त्यांच्याबद्दल अंदाज करतो आहोत. त्या अंदाजाची सीमा सांगणं, हे त्यांच्याशी प्रामाणिक राहणं आहे.

पुढच्या खेपेला त्या कचेरीत जाऊ तेव्हा साहेब तेच तीन प्रश्न विचारतील. किती, हे सांगू. लोकसंख्येनं काही बिघडत नाही, हे समजावून सांगू, हवं तर वाटाण्यांचा डबा सोबत नेऊ. आणि निवडल्या कशा, या प्रश्नाला चिठ्ठ्यांची वही पुढे ठेवू. मग आमचा एकच प्रश्न असेल: कमीत कमी इतक्या जणी आहेत, आता तुम्ही काय करणार?